शुक्रवारची रिळं

भिवंडीजवळ, शेलारच्या रस्त्याला, दोन गोदामांच्या मधे भाताचा एक पट्टा अजून उरला आहे. कुणाचा आहे मला ठाऊक नाही. दोन्ही बाजूंना निळ्या पत्र्याच्या उंच भिंती, समोर कंटेनरची रांग आणि मधेच हा पिवळा तुकडा. परवा माझी रिक्षा त्या रांगेत अडकली तेव्हा तिथे दोन बाया कापणी करत होत्या. डिझेलच्या धुरातूनही वास आला. कापलेल्या भाताचा वास गोड नसतो, उग्रही नसतो. उन्हात वाळलेल्या सुती कपड्यांना थोडी धूळ आणि थोडं दूध लागावं तसा काहीसा. नाकात शिरला की मान आणि मनगटं आपोआप खाजायला लागतात. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, इथंच उतरताय का?" मी नकळत बाहेर वाकले होते.

आमचं शेत इथेच कुठेतरी होतं. आता कुठल्या शटरखाली आमचा बांध गेलाय, ते एकट्या दादालाच सांगता येईल. पण त्या वासाने मला शेत आठवलं नाही. मला मागच्या वर्षीचे हेच दिवस आठवले. नारपोलीतली दादाची मागची खोली आणि आम्ही दोघांनी त्या खोलीत घालवलेले शुक्रवार.

माझी आई मी चार वर्षांची असताना गेली. भातकापणी उरकल्यावर जी थंडी पडते, त्या थंडीत, काविळीने. दादा तेव्हा अकराचा होता. घरात आईचा एकच फोटो होता, स्टुडिओत काढलेला. मागे रंगवलेली बाग, पुढे खुर्ची, खुर्चीत ताठ बसलेली एक बाई. तिचे डोळे कॅमेऱ्याला घाबरलेले. त्या फोटोला मी वर्षानुवर्षं फुलं वाहिली, परीक्षेला जाताना नमस्कार केला, लग्नाच्या दिवशी त्याच्यासमोर डोकं टेकलं. पण त्या बाईची माझी ओळख नव्हती. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. आत्याने आम्हाला वाढवलं आणि चांगलं वाढवलं. आईची उणीव भासायला आधी आई थोडीतरी आठवावी लागते. मला तेवढीही आठवत नव्हती.

दादाला मात्र अकरा वर्षं आई मिळाली होती. मी लहानपणी त्याला विचारायची, "दादा, आई कशी बोलायची?"

"सगळ्या बोलतात तशी."

"मला काय म्हणायची?"

"काय म्हणणार? जेव म्हणायची." आणि तो उठून जायचा.

पुढे तो चौदाव्या वर्षी लूमवर कामाला लागला. हळूहळू जॉबर झाला, म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करणारा माणूस. मी शिकावं हा हट्ट त्याचाच. मी शिकले, शाळेत शिकवायला लागले, निवृत्तही झाले. दादाने माझ्यासाठी काय काय केलं ते सांगायला बसले तर दिवस पुरणार नाही. तरी मनात एक अढी होती. माझ्या वाट्याची आई यानं आपल्याजवळच ठेवून घेतली, मला दिली नाही. साठीला टेकलेल्या बाईला असं वाटू नये. पण वाटायचं.

मागच्या वर्षी गणपती गेल्यावर मामीचा निरोप आला. मामी म्हणजे धर्मामामाची बायको, आता पंच्याऐंशीची. मामा माझ्या आईचा धाकटा भाऊ, मोठ्या जहाजावर इंजिनरूममध्ये कामाला असायचा. तो जाऊनही बरीच वर्षं झाली. मामी कल्याणला लेकीकडे राहायला निघाली होती आणि घर आवरत होती. मी गेले तर तिने माझ्या मांडीवर बिस्किटांचा एक गंजका डबा ठेवला.

"तुझ्या आईची हायत," ती म्हणाली.

डब्यात चार रिळं होती. तळहातावर मावतील एवढी. झाकण काढल्याबरोबर लोणच्याच्या बिघडलेल्या बरणीसारखा आंबट वास आला. मामाने कुठल्याशा बंदरातून एक छोटा सिनेमा काढायचा कॅमेरा आणला होता, हे मला पहिल्यांदाच कळत होतं. रजेवर आला की तो दिसेल ते टिपायचा आणि रीळ धुवायला परदेशी पाठवायचा.

"ही धुऊन आली तवर ताई गेली व्हती," मामी म्हणाली. "दाखवायचं मशीन पण व्हतं घरात. मी म्हटलं, लावा. तर म्हणाले, तिला चालताना बघवणार न्हाय मला. मशीन देऊन टाकलं कुणाला तरी. डबा मात्र टाकू देईनात."

पंचावन्नेक वर्षं ती रिळं कपाटात मामाच्या गणवेशाखाली पडून होती. मी ती घेऊन एका स्टुडिओत गेले, जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घालून देतात तसल्या. तिथल्या माणसाने रीळ हातात घेतलं, वास घेतला आणि परत डब्यात ठेवलं. "मॅडम, ही आकसलीत. भोकं मशीनच्या दातांत बसणार नाहीत. घातली की फाटणार." मग माझा चेहरा बघून हळू आवाजात म्हणाला, "आहेत ती अजून थोडे दिवसच टिकतील. वास सुटला की संपत आलं समजायचं."

मी तशीच दादाकडे गेले.

दादाचं घर नारपोलीत, दोन्ही बाजूंना लूमचे कारखाने. त्याच्या घरात टेबलावरचा पाण्याचा ग्लास सतत थरथरत असतो आणि घरातल्या कुणालाच ते दिसत नाही. दादाने डब्यात पाहिलं. मी त्याला मामीचं आणि स्टुडिओतल्या माणसाचं सांगितलं. कापडातले धागे मोजायचं एक घडीचं भिंग त्याच्या खिशात अजून असतं. ते उघडून त्याने फिल्मची पट्टी खिडकीशी उजेडात धरली आणि बराच वेळ डोळा लावून बसला. मग भिंगाची घडी घातली.

"काय दिसलं?" मी ओरडून विचारलं. लूमच्या आवाजाने त्याचे कान निम्मे गेलेत.

"ठेव इथं," तो म्हणाला. "दात नकोत हिला. दात नसलेलं मशीन पाहिजे."

नवरात्राचे नऊ दिवस तो त्या मागच्या खोलीत होता. मी मोबाइलवर शोधून कुठकुठल्या देशांतल्या हौशी लोकांनी घरी बनवलेली अशी यंत्रं त्याला दाखवली. भाषा त्याला कळत नव्हती, पण हात कळत होते. "हे असं न्हाय चालायचं, ताण जास्त पडतोय," असं तो त्या परदेशी माणसांना सुनवायचा. ताण हा त्याचा आयुष्यभराचा विषय. धागा सैल सोडला तर गुंततो, ओढला तर तुटतो. चाळीस वर्षं त्याने एवढंच सांभाळलं होतं.

दसऱ्याला सोनं द्यायला गेले तेव्हा यंत्र तयार होतं. प्लायवूडच्या फळीवर दोन चक्र्या. मधे धाग्याच्या कांड्या, म्हणजे लूममधल्या लाकडी नळ्या, त्यांना सायकलच्या ट्यूबचं रबर चढवलेलं. फिल्म या नळ्यांवरून सरकायची, भोकांना कुठे धक्काच नाही. मधोमध पितळेच्या पट्टीत एक छोटी चौकट कापलेली आणि फिल्मवर ओरखडा उठू नये म्हणून आतून मखमल लावलेली. मागे एलईडी बल्ब, त्याच्यासमोर डब्याचं दुधी झाकण. पुढे माझ्या जावयाचा जुना कॅमेरा, भिंग उलटं बसवलेलं, म्हणजे नखाएवढं चित्र मोठं दिसतं. शिलाई मशीनचं हाताने फिरवायचं चाक होतं आणि त्याच्याखाली माझ्या कॉम्प्युटरच्या माउसचं बटण. चाकाचा एक फेरा झाला की फिल्म एक चित्र पुढे जायची, बटण दबायचं, एक फोटो निघायचा.

वहिनी चहा घेऊन आली. "मखमल कुठली विचारा," ती म्हणाली. "माझ्या लग्नातल्या ब्लाउजची बाही कापली यांनी."

"दुसरी हाय ना," दादा म्हणाला.

एका रिळात चार मिनिटं आणि चार मिनिटांत जवळजवळ चार हजार चित्रं. म्हणजे चाकाचे चार हजार फेरे. पहिल्याच दिवशी कळलं की एकही चित्र स्वच्छ येत नाही. सगळं धुकं. दादाने फळीवर हात ठेवला आणि हसला. बाजूचे लूम जमीन हलवत होते, जमीन टेबल हलवत होती. भिवंडीतले लूम शुक्रवारी बंद असतात. तेव्हा ठरलं, शुक्रवारीच काम करायचं.

मला नारपोलीचा शुक्रवार तोवर ठाऊक नव्हता. सहा दिवस जो आवाज भिंतींतून, फरशीतून, आपल्या दातांतून जात असतो, तो थांबला की गल्लीला लाज वाटल्यासारखं होतं. दूरची बकरी ऐकू येते. कुणाच्या घरात कांदा परततात ते ऐकू येतं. बाहेर ऑक्टोबरचं ऊन पत्र्यांवर तापत असायचं आणि आत आम्ही दोघं, खिडकीला चादर लावून, पंखा बंद करून, घामाने निथळत. दादा चाक फिरवायचा आणि मी कॉम्प्युटरवर चित्रं येतायत का ते बघायची. तो पडद्याकडे बघत नसे. त्याची नजर फिल्मवर आणि बोटं ताणावर. "मी मागनं एकदमच बघीन," म्हणाला.

पहिल्या रिळात नुसता समुद्र निघाला. जहाजाचा कठडा, पाणी, पुन्हा पाणी, गंजीफ्रॉकातली हसणारी माणसं आणि एका कोपऱ्यात मामाची सावली. मधेच फिल्म तुटली. टक् असा बारीक आवाज आला आणि दादाने चाक तिथेच धरलं. त्याने चिमट्याने दोन टोकं जुळवली, पारदर्शक चिकटपट्टी लावली, आणि अर्धा तास हात मांडीवर ठेवून नुसता बसून राहिला. "समुद्रच होता," मी म्हटलं. "हां," तो म्हणाला. "पुढचा समुद्र नसंल."

पुढचं रीळ अकलोलीचं होतं. गरम पाण्याच्या कुंडांवर सगळे गेले होते. कुंडाच्या वाफेने अर्धी चित्रं पांढुरकी झाली होती. कडेला फ्रॉक घातलेली एक मुलगी तोंड उघडून रडत होती, ती मी. माझा पाय पाण्यात बुडवायला बघणारा एक तरुण माणूस पोट धरून हसत होता. मी त्याला ओळखलंच नाही.

"बाबा," दादा म्हणाला.

"बाबा असे हसायचे?"

"तवा हसायचा."

आमचे वडील मी पाहिले ते ओटीवर गप्प बसलेले. मला वाटायचं ते जन्मतःच तसे असावेत. आणि आई? आई त्या रिळात होती, पण पाठमोरी, ओले केस पिळत. एकदा वळली तेव्हा नेमकी वाफ आली. मी ते चित्र मोठं करून करून पाहिलं. नाकाच्या जागी पांढरं, डोळ्यांच्या जागी पांढरं.

तिसरं रीळ सगळ्यात वाईट अवस्थेत होतं. फिल्म पन्हळीसारखी वळलेली. दादाने ती आठवडाभर सैल गुंडाळून ठेवली आणि दिवाळी झाल्यावर काम सुरू केलं. दोनशे-तीनशे चित्रं झाली असतील, एवढ्यात शेजारचा कारखाना सुरू झाला. शुक्रवार असून. टेबल थरथरायला लागलं, फिल्म चौकटीत नाचायला लागली. दादा तसाच उठला आणि बाहेर गेला. मी मागोमाग गेले.

शेजारी शफीकभाई, त्यांनी दोनच लूम लावले होते. "चाचा, अर्जंट माल है," ते दारातून ओरडले. "पार्टी शाम को आएगी."

"दो घंटा बंद रखो, शफीक."

"क्या हुआ? तबियत?"

दादाने आमच्या खोलीकडे बोट केलं. मग म्हणाला, "मेरी माँ दिखनेवाली है."

शफीकभाईंना काय कळलं असेल कुणास ठाऊक. दादाचं वय त्यांना माहीत होतं. त्यांनी दादाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन बटण बंद केलं. तीन तासांनी आम्ही दार उघडलं तेव्हा ते बाहेर कट्ट्यावर बसलेले होते. "दिखी?" त्यांनी विचारलं. "अभी थोडी बाकी है," दादा म्हणाला. "कोई बात नहीं," ते म्हणाले आणि मगच लूम लावायला गेले.

खरं म्हणजे मला दिसली होती. कॉम्प्युटरवर एकेक चित्र येत होतं त्यात वाकलेली आई होती, विळा धरलेली, उभी राहिलेली, पदराने कपाळ पुसणारी. पण ती सगळी थांबलेली चित्रं. आणि थांबलेली आई माझ्याकडे भिंतीवर होतीच.

उरलेलं अर्धं पुढच्या शुक्रवारी झालं. चौथं रीळ उघडलंच नाही. त्याची वीट झाली होती, एक पदर सुटेना. मग मी सगळी चित्रं ओळीने लावून त्यांचा व्हिडिओ केला. त्यासाठी अजून एक शुक्रवार लागला. वहिनी शेजारी कुणाकडे तरी गेली होती. मी कॉम्प्युटर दादाच्या समोर ठेवला आणि सुरू केलं.

उन्हाने पिवळं झालेलं शेत. आणि त्यात माणसं अशी धावपळ करत होती की मला हसू आलं. भारे टुणटुण उड्या मारत डोक्यावर चढत होते, बायका चावी दिलेल्या खेळण्यांसारख्या वाकत होत्या.

"बंद कर," दादा म्हणाला. "पळतात कशाला सगळी? आमच्या शेतात एवढी घाई कुणाला व्हती?"

वेग चुकला होता. सेकंदाला पंचवीस चित्रं लावली होती. मी वीस केली. दादाने मान हलवली. अठरा. "थोडं अजून." त्याने डोळे बारीक केले होते, बिघडलेल्या लूमसमोर उभा राहतो तसे. मी सोळा केली.

बांधावरून एक बाई डोक्यावर भारा घेऊन आली. एक हात भाऱ्याला, एक हात मोकळा, चालताना किंचित बाहेर फेकला जाणारा. तिने भारा खळ्यावर टाकला आणि कंबर सरळ केली.

"आता," दादा म्हणाला. "आता ही आई."

मी तिच्याकडे पाहत राहिले. ती सडपातळ होती. भराभर नाही, पण न थांबता काम करणारी. मोकळा हात तसा फेकत मीसुद्धा चालते. माझी मुलगी मला त्यावरून चिडवते. मला वाटायचं, ही सवय मला शाळेच्या लांबलचक व्हरांड्यात लागली.

मग आई कॅमेऱ्याच्या जवळ आली, तिने हात पुढे केला आणि तिचे ओठ हलले. माझ्या कानाशी आवाज आला.

"नको रं धर्मा. तोंड तरी धुवू दे मला."

दादा बोलत होता. त्याचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. मी त्याच्याकडे वळले तर तो पडद्यावरून नजर काढायला तयार नव्हता. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लूमच्या शेडमध्ये शेजारच्या माणसाचा शब्द ऐकू येत नाही. एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाच्या माणसाशी ओठांनी बोलतो आणि दुसरा डोळ्यांनी ऐकतो. दादा चाळीस वर्षं तसंच ऐकत आला होता. रीळ मुकं होतं. ते त्याच्यासाठी मुकं नव्हतं.

पडद्यावर एक मुलगा आला, अर्ध्या चड्डीतला, कडेवर लहान मुलगी. मुलगी त्याला पेलत नव्हती, तो एका बाजूला कलंडला होता. आई त्याच्याकडे वळून काहीतरी म्हणाली.

"हिरू, ठकूला खाली नको ठेवूस. पेंढा टोचंल तिला," दादा म्हणाला. हिरू म्हणजे तो स्वतः.

"ठकू कोण?"

दादाने पहिल्यांदा पडद्यावरून नजर काढली. व्हिडिओ पुढे चालूच होता.

"तू," तो म्हणाला.

मला या नावाने कधी कुणी हाक मारलेली नाही. मी बाय, ताई, बाई, वहिनी, मॅडम. ठकू कुणीच नाही. "मला कुणी सांगितलं नाही," मी म्हटलं. माझा आवाज कडक झाला असावा, कारण तो खाली बघायला लागला.

"मीच सगळ्यांना सांगितलं, हिला ठकू म्हणायचं न्हाय," तो म्हणाला. "आई गेल्यावर कुणी ठकू म्हटलं की तू धावत दारात जायचीस. आई आली म्हणून. बाहेर बघायचीस आणि उभीच राहायचीस. आत यायचीस न्हाय. उचलून आणावं लागायचं. आत्या म्हणाली, विसरंल हळूहळू. मी म्हटलं, नावच बंद करा. आणि आईचं काय बोलायचं न्हाय हिच्यासमोर." पुढे म्हणाला, "मग तू विसरलीस. मला वाटलं, बरं झालं. मोठी झाल्यावर तू विचारायला लागलीस, पण तवा माझी सवय गेली व्हती बोलायची."

अकरा वर्षांचा मुलगा. त्याने आपली आई मला दिली नाही असं मी आयुष्यभर धरून बसले होते, आणि त्याने ती स्वतःलाही ठेवली नव्हती. नुसती बंद करून टाकली होती, माझे पाय दाराकडे धावू नयेत म्हणून. मी त्याचा हात धरला. रबराच्या नळ्यांनी काळी झालेली बोटं. त्याने तो सोडवून घेतला नाही.

"परत लाव," तो म्हणाला.

त्या दुपारी आम्ही ते किती वेळा लावलं, मोजलं नाही. दादा प्रत्येक शब्द सांगत गेला. आई बाबांना म्हणते, बैल तहानलेत. मामाला म्हणते, तुझं जहाज कवा सुटणार. एकदा जोरात हसते, तोंडावर पदर घेते, तेव्हाचं त्याला कळलं नाही, तर तो चिडला. फार मोठं असं ती काहीच बोलत नाही. सुगीच्या दिवसांत बायका जे बोलतात तेच. मी ते सगळं जपून ऐकत होते. शेवटी शेवटी आई पाठमोरी होऊन बांधाकडे चालायला लागते, लांब, उन्हात. दादा तरीही सांगतच होता. "आता ती म्हणतेय, मडक्यात पाणी हाय का बघ."

"दादा, तिची पाठ आहे आपल्याकडे."

"पाठीवरनं पण कळतं," तो म्हणाला.

वहिनी कधी परत आली कळलं नाही. ती दारात उभी होती, हातात भाजीची पिशवी तशीच. मी तिला आत बोलावलं तर तिने बोट ओठांवर ठेवलं. नंतर स्वयंपाकघरात मला म्हणाली, "चाळीस वर्षांत एवढं बोलताना नाही बघितलं मी यांना."

मार्गशीर्षात आम्ही तिघं कल्याणला मामीकडे गेलो. मामीला टीव्हीसमोर बसवलं, चष्मा पुसून दिला. आई बांधावरून आली, तशी मामी दोन्ही हात जोडून पुढे सरकली. "अगं बाय, ताई चालते," एवढंच म्हणाली. दादा सगळ्यांचे शब्द सांगत होता. पाठमोरा भाग आला. "आता म्हणतेय, आज लवकर निघू, उद्या भाताची झोडणी हाय."

मी हळूच म्हटलं, "मागच्या वेळी मडक्याचं म्हणाली होती."

"दिवसभरात ती एकच गोष्ट बोलली असंल का?"

मामीने हात वर केला. "न्हाय रं हिरा, तिला तुम्ही काय वळखता. ती म्हणत असंल, धर्माला चिंबोऱ्या आवडतात, राती करायच्या हायत." मामी आणि दादा यावरून भांडायला लागले. दोघांनाही आई माहीत होती. वहिनी हसत होती. रिमोट माझ्या हातात होता. मग मी तो भाग पुन्हा लावला.

आई चालत होती. मोकळा हात बाहेर फेकला जात होता. बांधाच्या कडेला, अगदी कोपऱ्यात, एक छोटा पांढरा ठिपका होता. तो फ्रॉक असणार, कारण आई तिकडेच चालली होती.

"ती म्हणतेय," मी म्हटलं, "ती म्हणतेय, ठकू, उन्हात नको बसूस. सावलीला ये."

दादा टीव्हीकडे वाकून बघत होता, डोळे बारीक करून. पांढरा पडदा येईपर्यंत त्याने मान वळवली नाही.

"हां," तो म्हणाला. "असंच बोलली."